वगळलेल्यांची यादी

मिहिर, सई,

मिहिरने मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या वेळी डेटाचे कायदे काय होते?" माहिती-यंत्रणा आणि कायदा असा एक अख्खा विषय त्याला अभ्यासाला आहे आणि त्याचं पुस्तक विटेएवढं जाड आहे म्हणे. मी म्हटलं, लिहून पाठवते. खरं उत्तर एका ओळीत मावतं: आमच्याकडे कायदा नव्हता, तांबोळी वकील होते. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही. शिवाय इथल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाला माझ्याकडून नोकरीच्या आठवणी हव्याच होत्या. तेव्हा एका लिखाणात दोन्ही कामं उरकते. या वयात दोनदा लिहिणं होत नाही.

इथले वाचक माणसं लगेच ओळखतात, म्हणून बहुतेकांची आडनावं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना, एवढं पुरे.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, संख्याशास्त्राची पदवी घेतली आणि एका कंपनीत दहा वर्षं कार्डांना भोकं पाडणाऱ्या यंत्रांवर काम केलं. तुमच्या आजोबांना बारामतीच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. शेखरराव नावाच्या एका हौशी माणसाने ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, संगणक केंद्र काढलं होतं. चार संगणक, एक मोठा आवाज करणारा प्रिंटर, तीन मुली आणि मी. आमचं काम सोपं होतं. संस्था, पतपेढ्या, शाळा त्यांचे कागद पोत्यात भरून आणायच्या. मुली ते यंत्रात भरायच्या. त्यातून काय, कसं आणि कुठल्या क्रमाने छापून बाहेर काढायचं, ते मी ठरवायचे. या ठरवण्यालाच पुढे मोठं नाव मिळालं. तेव्हा शेखरराव म्हणायचे, "मॅडम रकाने आखतात."

रकाने आखणं म्हणजे माणसाबद्दल काय विचारायचं आणि काय नाही, हे ठरवणं. यात कायदा येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला पहिल्यांदा कळलं ते लग्न जमवणाऱ्या एका गृहस्थामुळे.

या कारखान्याने जागेसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. जागा निघेल तशी, अर्जाच्या क्रमाने. त्या अर्जदारांची यादी आमच्याकडे होती. हे गृहस्थ पांढराशुभ्र लेंगा घालून, काखेत डायरी धरून जिना चढून आले.

"बाई, कारखान्याच्या यादीतली पोरं तुमच्याकडं हायेत म्हणं. नाव, वय, शिक्षण, जमीन, समदं."

"आहे. तुम्हाला कशाला हवंय?"

"लग्नं जमवितो मी. बावड्यापासनं सणसरपतोर. तुमची यादी मिळाली तर माझी निम्मी पायपीट वाचंल. पुण्याचं काम हाय, बाई."

"लोकांनी ते नोकरीसाठी लिहून दिलंय, लग्नासाठी नाही."

"मग नोकरी कशासाठी लागती?"

त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी इंदापूरला कोर्टाजवळ तांबोळी वकिलांकडे गेले. ते आमच्या केंद्राचे करारमदार बघायचे. बुटके, शांत माणूस. अशिलापेक्षा कपबशीकडे जास्त लक्ष देऊन बोलायचे.

"कायद्यात हे कुठे बसतं का?"

"कुठंच बसत न्हाय," ते म्हणाले. "देऊ नका."

"कायदा नसताना का देऊ नको?"

"यादी तुमची न्हाय म्हणून. शेजारणीनं दागिने ठेवायला दिले तर तुम्ही ते घालून जत्रेला जाता का?"

त्या दिवशी मी करारात एक कलम घालून घेतलं: ज्याची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय ती बाहेर कुणाला द्यायची नाही. शेखरराव हसले. पण कलम राहिलं. मला त्याचा अभिमान होता. त्याच कलमाने पुढे माझेच हात बांधले.

आता मुख्य गोष्ट. ही यादी पहिल्यांदा बनवली तेव्हा कारखान्याचे हेडक्लार्क जगताप अर्जांची दोन पोती घेऊन आले होते. अडचण दुबार अर्जांची होती. कुणाची जमीन तीन गटांत गेली असेल, तर त्याने प्रत्येक गटाचा वेगळा अर्ज भरलेला. एक माणूस यादीत तीनदा. जगताप म्हणाले, "बाई, ह्यातलं दुबार काढून द्या, न्हायतर माझं टकुरं फिरंल."

गट नंबर पाहून माणूस ओळखता येत नव्हता, कारण एकाच माणसाचे गट तीन होते. म्हणून मी ठरवलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, हे पाचही जुळले तर माणूस एकच. त्याचा पहिला अर्ज ठेवायचा, बाकीचे काढायचे. पुण्यात वाढलेल्या बाईला हे अगदी बिनतोड वाटलं. एका नावाचे दोघे एका गावात असतीलही, पण ते एकाच दिवशी जन्मतील का?

जुन्या कंपनीतली सवय म्हणून, जे अर्ज काढले त्यांची वेगळी यादी मी छापून घेतली. अनुक्रमांक, नाव, गट नंबर, सगळ्या रकान्यांसकट. एकेचाळीस ओळी होत्या. ती जगतापांपुढे ठेवली.

"ह्यात काय बघायचं? यंत्रानं काढलं म्हणजी दुबारच आसणार की."

"तरी एकदा नजर टाका."

"बाई, यंत्रावर इश्वास नसंल तर मंग आमचं आमीच हातानं केलं नसतं का?"

त्यांनी ती घेतली नाही. मी ती फाइलला लावली. एवढं नीट केलं. पण जाताना त्यांनी विचारलं की अर्जांच्या पोत्यांनी कचेरीतली कपाटं अडवली आहेत, आता त्यांचं काय करायचं? मी म्हटलं, "सगळं यंत्रात आलंय. कपाटं मोकळी करायला हरकत नाही." त्यांनी कपाटं मोकळी केली. दोन्ही पोती रद्दीत गेली. मूळ कागद किती वर्षं जपायचा, याचं मिहिरच्या पुस्तकात नक्की एक प्रकरण असेल. मला ते एका वाक्यात मोडता आलं.

तीन वर्षांनी खंडू नावाचा एक अर्जदार आला. बरोबर त्याची आई. उन्हाळ्याचे दिवस होते, वीज गेली होती, मुली पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. त्याने जिन्यातच चपला काढल्या. आईने काढल्या नाहीत.

"रकानं आखणाऱ्या बाई तुमीच का?"

"मीच. बसा."

"माझ्या मागनं अर्ज केल्याली पोरं कारखान्यात लागली. मी इचाराया गेलो तर जगतापसायेब म्हनलं, खंडू बिरा लागला की कामाला, मागल्याच महिन्यात, तूच न्हवं का? म्हनलं, सायेब, मी लागलो आस्तो तर तुमच्या दारात कशाला उभा राहिलो आस्तो?"

दोन खंडू होते. एकाच गावचे, एकाच भावकीतले, म्हणून आडनाव एक. दोघांचे वडील बिरा, बिरोबाच्या नावाने. दोघे खंडू, खंडोबाच्या नावाने. गावाला कधी अडचण आली नाही. गावात एक थोरला खंडू, एक धाकटा. माझ्या रकान्यात थोरला आणि धाकटा यांना जागा नव्हती.

"पण जन्मतारीख? दोघांची एकच कशी?"

"एक जून."

"ते दिसतंय मला. पण दोघांची?"

"आवो बाई, समद्यांचीच. गुरुजी शाळंत घालायचं तवा शाळा जूनात सुरू. घरचं कुनाला तारीख ठावं न्हाय. मंग लिवायचं एक जून. आमच्या वर्गात आठ्ठावीस पोरं, आमी दोगं खंडू बी त्यातच. आठ्ठावीस एक जून, साल बी एकच."

मी मुलींकडे बघितलं. तिघींपैकी एक खाली बघत म्हणाली, "मॅडम, माझी पण."

तीन वर्षं ती माझ्यासमोर बसून काम करत होती. पाच रकाने जुळवण्याआधी मी तिला एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

धाकट्या खंडूचा अर्ज आधी आला होता, म्हणून तो यादीत राहिला. थोरल्याचा, म्हणजे माझ्यासमोर बसलेल्याचा, यंत्राने काढला. मूळ अर्ज रद्दीत गेलेले. पोच कुणाला दिलीच नव्हती, तीही मी आखलेल्या पद्धतीत नव्हती. जगताप त्याला म्हणाले, तू दुसरा खंडू आहेस कशावरून, आणि अर्ज वेळेत केलास कशावरून? दोघांचे शाळेचे दाखले सारखेच. तहसीलमधून जन्माचा उतारा आण, मग बघू.

आठवड्याने तो परत आला. उतारा मिळाला होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि लगेच त्यावर हात ठेवला.

"बाई, ह्यो दाखविला तर माजं समदंच जातंय."

नोकरीला लागताना वय तिशीच्या आत हवं, असा कारखान्याचा नियम होता. शाळेच्या दाखल्यावर त्याला अठ्ठाविसावं लागलं होतं. उताऱ्यावर एकतीस पुरी झाली होती.

त्याची आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ह्यो मेंढरामागं होता. आमी दसऱ्याला कोकणाची वाट धरायचो ती पाऊस आला की माघारी. शाळा कवा शिकायची? नऊ वर्साचा झाला तवा मेंढरं इकली, मंग घातला. गुरुजी म्हनलं, पयलीत नऊ वर्साचा घोडा कसा लिवू? सा लिवतो. आमी म्हनलं, लिवा. पोरगं शाळंत बसलं ह्योच आनंद." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमास्नी काय वाटतं बाई, चुकलं का आमचं?"

मी म्हटलं, "तुमचं नाही."

फाइल काढली. वगळलेल्यांच्या यादीत तो होता. वेगळा अनुक्रमांक, वेगळा गट नंबर. जमीन घेतल्याचे कागद कारखान्याकडेच होते. ते गट दोन वेगळ्या घरांचे होते, हे कुणालाही ताडता आलं असतं. या एका कागदाने दोन खंडू सिद्ध होत होते, अर्ज वेळेत आल्याचंही सिद्ध होत होतं, आणि उताऱ्याची गरज उरत नव्हती. फक्त त्याच कागदाने चूक माझी होती हेही सिद्ध होत होतं.

शेखररावांनी यादी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मॅडम, ही आपल्याकडे नाहीये."

"आहे. तुमच्या हातात आहे."

"करारात आपल्या चुकीची जबाबदारी आपल्यावर आहे. हा एक आला. उद्या उरलेले चाळीस आले तर? केंद्र बंद होईल. तीन पोरी आहेत आपल्याकडे."

ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, वकिलांना विचारते.

तांबोळी वकिलांनी यादी उजेडाकडे धरून बघितली. "बाई, हा कागद कोर्टात काडीच्या किमतीचा न्हाय. त्यावर कुणाची सही हाय? यंत्राची. यंत्राला शपथ घालता येत न्हाय. असला कागद कुणीही काल रात्री छापील."

"मग कशाने किंमत येईल?"

"मागं माणूस उभा राहिला तर. प्रत्येक पानावर सही करायची आणि लिहून द्यायचं की मी हे अमुक पद्धतीनं काढलं, ते असं चुकलं. मग तो पुरावा. आणि मग चूकही तुमचीच, तुम्हीच लिहून दिलेली."

"आणखी एक आहे. त्याचा जन्माचा उतारा—"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "ते मला सांगू नका. सांगितलंत तर मला ऐकावं लागंल. तुम्ही कशाची साक्ष देणार? अर्ज आला होता, याची. वयाची तुम्हाला कुणी विचारली हाय का?"

"नाही."

"मग झालं."

झालं नव्हतं. मी एसटीने परत येताना विचार करत होते. आयुष्यभर मी कागद आणि खरं यांत अंतर पडू नये म्हणून राबले, आणि आता एक खरा कागद पुढे करून दुसरा खरा कागद झाकणार होते. ज्याला नोकरी मिळायची होती त्याने तीन वर्षं वाट पाहिली होती आणि नंबर आला तेव्हा तो माझ्यामुळे हुकला होता. माझी चूक झाली नसती तर तो नंबर आल्यावर शाळेच्या दाखल्यावरच कामाला लागला असता आणि जन्माचा उतारा कुणी मागितलाच नसता. हा हिशेब मी स्वतःला पटवला. आजही पूर्ण पटलेला नाही.

तीन पानांवर तीन सह्या केल्या. शेखररावांना सांगून केल्या. ते म्हणाले, "करा. मी अडवलं असं नको." आणि पुढचे सहा महिने कामापुरतंच बोलले.

कारखान्याच्या कचेरीत मोठे साहेब, जगताप आणि मी होतो. खंडू बाहेर बाकावर. साहेबांनी तांबोळींचाच प्रश्न विचारला: "ही यादी तेव्हाचीच कशावरून? तुम्ही आत्ता छापली नसेल कशावरून?"

माझ्याकडे सहीशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, "माझा शब्द."

साहेब यादी उलटीपालटी करत राहिले. मग जगताप घसा साफ करून म्हणाले, "सायेब, ही यादी बाईंनी मला तवाच दाखविली होती. मीच घेतली न्हाय." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती. त्या माणसाला मी मनातून बरंच बोलले होते. ते सगळं तिथे परत घेतलं.

"पण दोघांची जन्मतारीख एकच?" साहेबांनी विचारलं. मी शाळेचं सांगायला लागले, एवढ्यात ते हसले. "राहू द्या मॅडम. माझी पण एक जूनच आहे." मग जगतापांना म्हणाले, "वयाचा पुरावा काय लावलाय?"

"शाळेचा दाखला."

"पुरे."

मी समोर बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

खंडूचा नंबर यादीत परत लागला. कारखान्याने पुढच्या वर्षी काम आमच्याकडून काढून घेतलं, तेही नम्र पत्र लिहून. मी अर्जाच्या नमुन्यात पोच घातली, आणि एक नवा रकाना: आईचं नाव. जो तो विचारायचा, "आईचं कशाला, बाई?" मी सांगायचे, दोन खंडूंच्या आया दोन असतात. मूळ कागद दहा वर्षं जपायचे, असंही सगळ्यांना लेखी कळवायला लागले. निम्म्यांनी जपले असतील.

राहिले चाळीस. त्यांतले बहुतेक खरेच दुबार असतील. सगळे असतील का? मी कारखान्याला दोनदा लिहिलं की उरलेली नावं गावात जाऊन तपासा. उत्तर आलं नाही. मी स्वतः यादी घेऊन गावोगाव जाऊ शकले असते. पण यादी माझी नव्हती, आणि बाहेर कुणाला द्यायची नाही हे कलम मीच घातलं होतं. गेले नाही. नियमाने वागले याचं समाधान तेव्हा होतं, ते फार वर्षं टिकलं नाही. मिहिर, तुझ्या पुस्तकात असा प्रसंग असेल तर पुढे काय करावं असं लिहिलंय, ते मला कळव.

हुकूम मिळाल्यावर खंडू एकदाच आला. उसाच्या वजनकाट्यावर त्याला नेमलं होतं. अंगात नवा सदरा, हातात कामगार नोंदीचा फॉर्म. बाकी सगळं त्याने घरून भरून आणलं होतं, एक जागा सोडून.

"बाई, हितं जन्माची तारीख इचारलीया. खरी लिवू, का लिवलेली लिवू?"

खोलीत तिन्ही मुली होत्या. कुणी मान वर केली नाही. मी माझं पेन त्याला दिलं.

"एक जून," मी म्हटलं. "आणि दाखल्यावर आहे तेच साल."

त्याने सावकाश लिहिलं. सालातला एक आकडा पुसट उमटला होता. मी फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला आणि तो आकडा नीट गिरवून घेतला.